मोफत औषधाचा खर्च: आफ्रिकेतील गरोदर स्त्रीचा मलेरिया आणि तिच्या घराचा हिशेब

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार आफ्रिकेतील ज्या ३३ देशांत मलेरियाचा प्रसार मध्यम ते तीव्र स्वरूपाचा आहे, तिथे २०२२ साली सुमारे ३ कोटी ५४ लाख स्त्रिया गरोदर होत्या आणि त्यांपैकी सुमारे १ कोटी २७ लाख जणींना, म्हणजे दर शंभरांतल्या ३६ जणींना, गरोदरपणात मलेरियाची लागण झाली. या लागणीपायी त्यांच्या घरांनी किती पैसे मोजले, हा प्रश्न त्या मानाने फार कमी वेळा विचारला जातो. यांतील अनेक देशांत गरोदर स्त्रीची तपासणी आणि मलेरियाचे औषध सरकारी आरोग्यकेंद्रात मोफत देण्याचे धोरण आहे. त्यामुळे खर्च सरकार किंवा परदेशी निधी उचलतो आणि घराला फारशी झळ बसत नाही, असा समज सहज होतो. प्रत्यक्षात मोफत असते ती गोळी. त्या गोळीपर्यंत पोहोचणे, ती संपलेली असल्यास बाहेरून विकत आणणे आणि आजारपणात बुडालेले काम भरून काढणे, हा सगळा भार घरावरच पडतो.

हा भार समजून घेण्याआधी गरोदरपणातला मलेरिया इतर वेळच्या मलेरियाहून वेगळा का, हे पाहावे लागते, कारण खर्चाचे स्वरूप त्यातूनच ठरते. आफ्रिकेत प्रामुख्याने प्लास्मोडियम फाल्सिपेरम हा परजीवी आढळतो. तो तांबड्या रक्तपेशींत वाढतो आणि बाधित पेशींना रक्तवाहिन्यांच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवतो, म्हणजे रक्त गाळणाऱ्या प्लीहेच्या तावडीत त्या सापडत नाहीत. लहानपणापासून वारंवार लागण झालेल्या माणसात याविरुद्ध बरीच प्रतिकारशक्ती तयार झालेली असते. गर्भ राहिला की मात्र वार (प्लॅसेंटा) तयार होते आणि परजीवीला चिकटायला एक अगदी नवी जागा मिळते. व्हार-टू-सीएसए या प्रथिनाच्या साहाय्याने बाधित पेशी वारेतल्या एका विशिष्ट रेणूला धरून बसतात, आणि स्त्रीच्या शरीराची या प्रथिनाशी आधी कधीच ओळख झालेली नसते. म्हणून मलेरियाच्या प्रदेशातच लहानाची मोठी झालेली पहिलटकरीणही पुन्हा असुरक्षित होते. पुढच्या बाळंतपणांपर्यंत तिच्या रक्तात त्याविरुद्धची प्रतिद्रव्ये वाढत जातात आणि धोका काहीसा कमी होतो. याचा अर्थ असा की, हा आजार सर्वाधिक जोराने गाठतो तो बहुधा नव्याने संसार मांडलेल्या, गाठीशी फारसे काही नसलेल्या जोडप्याला.

दुसरी गोष्ट अशी की, तीव्र प्रसाराच्या भागांत अनेक गरोदर स्त्रियांना लागण होऊनही ताप येत नाही. परजीवी वारेत दडून राहतात आणि बोटाच्या टोकातून घेतलेल्या रक्ताच्या थेंबात कधी कधी सापडतही नाहीत. स्त्रीचे रक्त मात्र हळूहळू कमी होत जाते, गर्भाला मिळणारे पोषण घटते, बाळ अपुऱ्या दिवसांचे किंवा अडीच किलोपेक्षा कमी वजनाचे जन्मते, कधी गर्भपात होतो, कधी बाळ मृत जन्मते. तापच नसल्याने उपचारावर काही खर्च होत नाही आणि हिशेबाच्या वहीत ही लागण शून्य म्हणून दिसते. पुढे त्या अशक्त बाळाच्या आजारपणांवर जो खर्च होतो, त्याचा संबंध मलेरियाशी क्वचितच जोडला जातो.

आता ताप आलेल्या स्त्रीचे उदाहरण घेऊ. आरोग्य-अर्थशास्त्रात घराचा खर्च साधारणपणे तीन भागांत मांडतात: उपचाराचा थेट खर्च, उपचारासाठी करावा लागणारा वरखर्च, आणि बुडालेल्या कामाची किंमत. ही विभागणी सोयीची असली, तरी घरातल्या माणसांना खर्च असा विभागून येत नाही. एकापाठोपाठ एक येतो.

पहिला पैसा बहुतेक वेळा दवाखान्यात नव्हे, तर दुकानात जातो. नायजेरियात परवानाधारक छोटे औषधविक्रेते गल्लोगल्ली आणि खेडोपाडी आहेत, आणि ताप आल्यावर बरेच लोक आधी त्यांच्याकडेच वळतात. दुकान जवळ असते, रांग नसते, दुकानदार ओळखीचा असतो आणि हातात जेवढे पैसे असतील तेवढ्यांच्या गोळ्या देतो. हा शेवटचा गुण अडचणीत सापडलेल्या घराला सोयीचा वाटतो, पण घात तिथेच होतो. आर्टेमेथर आणि ल्युमेफँट्रीन या जोडऔषधाचा प्रौढांसाठीचा पूर्ण क्रम म्हणजे दिवसातून दोनदा ४ गोळ्या, असे ३ दिवस, एकूण २४ गोळ्या. त्या स्निग्ध पदार्थासोबत घेतल्या, तर शरीरात नीट शोषल्या जातात. अर्धवट घेतलेल्या किंवा मुळातच नकली असलेल्या गोळ्यांनी ताप तात्पुरता उतरतो आणि काही दिवसांनी पुन्हा चढतो. अशा वेळी घराने पहिल्यांदा खर्च केलेली रक्कम पूर्ण वाया गेलेली असते, आणि दुसऱ्या खर्चाच्या वेळी आजार वाढलेला असतो. केवळ वेदनाशामक गोळ्यांवर दोनतीन दिवस काढले, तरीही हेच घडते.

त्यानंतर आरोग्यकेंद्राची वाट धरली जाते. ते लांब असेल, तर मोटारसायकलची सवारी करावी लागते. युगांडा आणि केनियात तिला बोडा-बोडा म्हणतात, नायजेरियात ओकाडा. गरोदर आणि तापाने फणफणलेली स्त्री एकटी जात नाही. सोबत नवरा, सासू किंवा बहीण असते, म्हणजे भाडे दोघांचे, दिवसभराचे खाणे दोघांचे आणि बुडालेला दिवसही दोघांचा. केंद्रात तपासणी मोफत असते, पण तपासणीची पट्टी संपलेली असेल, तर रक्त बाहेरच्या प्रयोगशाळेत तपासावे लागते. औषध मोफत असते, पण साठा संपलेला असेल, तर चिठ्ठी हातात येते आणि ते खासगी दुकानातून विकत घ्यावे लागते. काही ठिकाणी नोंदीची वही, हातमोजे, सुई अशा वस्तू रुग्णानेच आणाव्यात अशी अपेक्षा असते. यातली एकेक रक्कम लहान असते, पण त्या सगळ्या एकाच दिवशी आणि रोखीत द्याव्या लागतात.

आजार गंभीर झाला, तर खर्चाची पातळीच बदलते. गंभीर मलेरियात आर्टेसुनेटची इंजेक्शने किमान २४ तास द्यावी लागतात आणि त्यानंतर गोळ्यांचा पूर्ण क्रम घ्यावा लागतो. रक्तातील साखर एकाएकी उतरण्याचा धोका गरोदरपणात अधिक असतो, त्यामुळे स्त्रीवर सतत लक्ष ठेवावे लागते. रक्त फारच कमी झाले असेल, तर ते चढवावे लागते. त्यासाठी नातेवाइकांना रक्त द्यायला बोलवायचे, त्यांच्या प्रवासाचे पाहायचे, तपासण्यांचे पैसे भरायचे. गावातल्या केंद्रातून जिल्ह्याच्या इस्पितळापर्यंत न्यायला रुग्णवाहिका मिळाली, तरी इंधनाचे पैसे घराकडून घेतले जाण्याचे प्रसंग येतात. इस्पितळात अनेक ठिकाणी रुग्णाला जेवण मिळत नाही, ते सोबतच्या माणसाने आवारात रांधायचे किंवा विकत आणायचे असते. मला वाटते, आफ्रिकेतील मलेरियाच्या खर्चाबद्दल बोलताना सरासरी आकडा दिशाभूल करतो तो इथे. बहुसंख्य घरांचा खर्च लहान असतो आणि थोड्या घरांचा खर्च घर मोडण्याइतका मोठा असतो. या दोहोंची सरासरी काढली, तर जी रक्कम हाती येते ती यांपैकी कुणाचीच नसते.

बुडालेल्या कामाची किंमत हा तिसरा भाग, आणि मोजायला सर्वांत अवघड. आफ्रिकेच्या मोठ्या भागात पावसाळा सुरू झाला की डास वाढतात आणि मलेरियाचा हंगाम येतो. पेरणी आणि खुरपणीची लगबगही त्याच दिवसांत असते, आणि मागच्या हंगामाचे धान्य कणगीच्या तळाशी गेलेले असते. शेतात हातांची सर्वाधिक गरज आणि घरात पैशांची सर्वाधिक चणचण, अशा नेमक्या वेळी आजार येतो. खुरपणीचे आठ दिवस चुकले, तर त्याची भरपाई नंतरच्या आठ दिवसांनी होत नाही. तण वाढते आणि उत्पन्न त्या वर्षापुरते घटते.

अभ्यासक बुडालेल्या दिवसांना किमान वेतनाने किंवा गावातल्या मजुरीच्या दराने गुणतात. हा मार्ग सोपा आहे, पण त्यात स्त्रीच्या कामाचे मोल नेहमीच कमी लागते. पाणी आणणे, सरपण गोळा करणे, धान्य कुटणे, मुलांना सांभाळणे, बाजारात भाजी किंवा मासे विकणे यांतल्या बहुतेक कामांना मजुरी नसते आणि म्हणून गणितात त्यांची किंमत शून्य किंवा नाममात्र धरली जाते. ती आजारी पडली म्हणून ती कामे थांबत नाहीत. ती सासू करते, जाऊ करते, आणि पुष्कळदा थोरली मुलगी शाळा बुडवून करते. त्या मुलीच्या बुडालेल्या शाळेचा रकाना मला माहीत असलेल्या हिशेबाच्या कोणत्याही ठरावीक नमुन्यात नसतो, आणि ही त्रुटी तांत्रिक म्हणून सोडून देण्याजोगी नाही असे मला ठामपणे वाटते.

घराला न झेपणारा खर्च ओळखण्यासाठी काही मापे ठरलेली आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास ध्येयांच्या मोजमापात २०२५ पर्यंत घराच्या एकूण खर्चाच्या १० किंवा २५ टक्क्यांहून अधिक रक्कम आरोग्यावर खिशातून गेली, तर तो खर्च पेलण्यापलीकडचा समजत. हे माप वर्षाच्या हिशेबाने लावले, तर काय होते ते एका काल्पनिक उदाहरणाने पाहू. समजा, एका घराचा वर्षाचा एकूण खर्च १,२०० डॉलर आहे, म्हणजे महिन्याला १००. त्यांतले ७० डॉलर अन्नावर जातात आणि उरलेल्या ३० डॉलरमध्ये साबण, रॉकेल, शाळेची फी, बियाणे, कपडे सारे बसवायचे असते. मलेरियाच्या एका साध्या आजारपणावर १५ डॉलर गेले, तर वर्षाच्या हिशेबात ते सव्वा टक्का होतात आणि कुठल्याही मापात ते घर अडचणीत आलेले दिसत नाही. त्या महिन्यापुरते मात्र अन्न सोडून उरलेल्या पैशांतले निम्मे पैसे गेलेले असतात. मग कोंबड्या किंवा शेळी विकली जाते, बियाण्यासाठी ठेवलेले धान्य बाजारात जाते, शेजाऱ्याकडून उसने घेतले जातात, किंवा सावकाराकडे जावे लागते. गरोदर स्त्रीला दोन वेळा ताप आला आणि घरातल्या लहान मुलालाही एकदा आला, तर असे तीन महिने एकाच हंगामात येऊ शकतात.

मोजमापाची याहूनही मोठी अडचण अशी की, बरेचसे अभ्यास आरोग्यकेंद्रातून बाहेर पडणाऱ्या स्त्रियांना प्रश्न विचारून केले जातात. ज्यांना भाड्यालाही पैसे जुळले नाहीत आणि ज्या घरीच राहिल्या, त्यांचा खर्च शून्य असतो आणि त्या मोजल्याच जात नाहीत. कमी खर्च हे सुस्थितीचे लक्षण आहे की उपचारच न मिळाल्याचे, हे नुसत्या रकमेवरून कळत नाही. जगभरात मलेरियावर होणाऱ्या खर्चाचा वार्षिक आढावा जागतिक आरोग्य संघटना घेते, त्यात सरकारांचा आणि देणगीदार देशांचा पैसा धरलेला असतो. घरांनी खिशातून केलेला खर्च त्या बेरजेत नसतो.

घरांवर हा भार आला कसा, याला इतिहास आहे. १९८७ साली मालीची राजधानी बामाको येथे आफ्रिकी देशांच्या आरोग्यमंत्र्यांनी स्वीकारलेल्या धोरणात औषधांच्या विक्रीतून आलेल्या पैशांवर गावपातळीवरची केंद्रे चालवावीत असे ठरले. सरकारांकडे पैसा नव्हता आणि केंद्रांत औषधे नव्हती, त्या परिस्थितीत या धोरणामागे काही तर्क होता. पण ज्यांच्याकडे पैसे नव्हते त्यांची वाट त्याने अडवली, आणि पुढच्या काळात एकेक देश शुल्क काढून टाकू लागला. युगांडाने मार्च २००१ मध्ये सरकारी केंद्रांतील शुल्क रद्द केले, घानाने २००८ मध्ये गरोदर स्त्रियांना आरोग्य विम्याचा हप्ता माफ केला, सिएरा लिओनने एप्रिल २०१० मध्ये गरोदर व स्तनदा माता आणि पाच वर्षांखालील मुलांसाठी सेवा मोफत केली, केनियाने जून २०१३ मध्ये सरकारी केंद्रांतील बाळंतपण मोफत केले.

युगांडाचा अनुभव यात सर्वांत बोलका आहे. शुल्क जाताच केंद्रांत येणाऱ्यांची संख्या वाढली, गरिबांची तर विशेष वाढली, आणि ते मोठेच यश होते. तरीही सर्वांत गरीब घरांतला न झेपणारा खर्च मात्र कमी झाला नाही, असे त्यानंतरच्या अभ्यासात आढळले. गर्दी वाढल्यामुळे औषधे लवकर संपत आणि लोकांना ती खासगी दुकानांतून घ्यावी लागत. शुल्काच्या जागी हाताखालून मागितल्या जाणाऱ्या पैशांचाही यात वाटा असावा. शुल्क रद्द करणे ही आवश्यक पायरी आहे, पण केंद्राला बुडालेल्या उत्पन्नाइतका निधी आणि वेळेवर औषधे मिळाली नाहीत, तर खर्च एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर सरकतो, एवढेच होते.

प्रतिबंधक साधनांवर लहानशी किंमत लावली तरी काय होते, याचा पुरावा तर फार स्पष्ट आहे. टांझानियाने २००४ मध्ये गरोदर स्त्रियांसाठी ‘हाती पुंगुझो’ ही सवलतपत्राची योजना सुरू केली. तपासणीला आलेल्या स्त्रीला सवलतपत्र मिळे आणि वरची रक्कम भरून ती दुकानातून कीटकनाशकयुक्त मच्छरदाणी घेई. योजना देशभर पोहोचली, पण वरची रक्कम भरणे न जमल्याने गरिबातल्या गरीब स्त्रिया मागे राहिल्या. २००९ मध्ये ती रक्कम कमी करून ५०० शिलिंगवर आणावी लागली. थोडे पैसे भरले तरच माणूस वस्तूची कदर करतो, असे तेव्हा अनेक जाणकार म्हणत. जेसिका कोहेन आणि पास्कलिन दुपा या अर्थतज्ज्ञांनी पश्चिम केनियातील प्रसूतिपूर्व तपासणीच्या केंद्रांमध्ये हे म्हणणे पडताळून पाहिले. काही केंद्रांत मच्छरदाणी मोफत दिली, काहींत वेगवेगळ्या अल्प किमतींना. किंमत शून्यावरून सुमारे ६० अमेरिकी सेंटवर गेली, तेव्हा मच्छरदाणी घेणाऱ्या गरोदर स्त्रियांचे प्रमाण ६० टक्के बिंदूंनी घसरले. पैसे मोजून घेणाऱ्या स्त्रिया ती अधिक वापरत होत्या असेही दिसले नाही. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षाने मच्छरदाण्या मोफत वाटण्याच्या बाजूला मोठे बळ दिले. सधन देशातल्या माणसाला जी रक्कम जाणवणारही नाही, तेवढीच एखाद्या गरोदर स्त्रीला संरक्षणापासून दूर ठेवायला पुरेशी असते.

उपचाराची वेळच येऊ नये म्हणून एक स्वस्त उपाय हाताशी आहे. सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामिनच्या ३ गोळ्यांची एक मात्रा, दुसऱ्या तिमाहीपासून दर तपासणीच्या वेळी, किमान एक महिन्याच्या अंतराने, ताप असो वा नसो. मलावीने हे धोरण १९९३ मध्ये सर्वांत आधी स्वीकारले, आणि २०१२ पासून जागतिक आरोग्य संघटना गरोदरपणात अशा किमान तीन मात्रांचा आग्रह धरते. या मात्रेची किंमत अगदी क्षुल्लक आहे. पूर्व आफ्रिकेच्या काही भागांत परजीवी या औषधाला बराच दाद देईनासा झाला असला, तरी बाळाच्या वजनाला त्याचा फायदा होताना दिसतो. एचआयव्हीबाधित ज्या स्त्रिया कोट्रायमोक्सॅझोल हे इतर संसर्ग टाळणारे औषध घेतात त्यांना हे औषध देता येत नाही, एवढी मर्यादा आहे. असे असूनही २०२२ मध्ये तिन्ही मात्रा मिळालेल्या स्त्रिया सुमारे ४२ टक्केच होत्या. कारणे पुन्हा त्याच ठिकाणी पोहोचतात: पहिली तपासणी पाचव्यासहाव्या महिन्यापर्यंत लांबते, केंद्र दूर असते, प्रत्येक फेरीला भाडे लागते आणि कधी कधी गोळ्याच संपलेल्या असतात. चार आण्यांच्या गोळीसाठी दिवसाची कमाई घालवायची, असा हा व्यवहार त्या घराला दिसतो, आणि त्यात त्यांची काही चूक आहे असे मला वाटत नाही.

म्हणूनच गोळी घरापर्यंत नेण्याचा प्रयोग महत्त्वाचा ठरला. काँगो लोकशाही प्रजासत्ताक, मादागास्कर, मोझांबिक आणि नायजेरिया या चार देशांत जपिएगो आणि बार्सिलोनातील आयएसग्लोबल या आरोग्यसंस्थांनी, युनिटएड या आंतरराष्ट्रीय आरोग्यनिधीच्या पैशांतून, गावातल्या आरोग्य कार्यकर्त्यांमार्फत ही मात्रा दिली. तीन मात्रा पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण वाढले, आणि घरी गोळी मिळाल्यामुळे स्त्रिया तपासणीला येणे सोडतील ही भीती खरी ठरली नाही. याच प्रकल्पाच्या अभ्यासकांनी या देशांत गरोदरपणातल्या मलेरियाचा घरांना पडणारा खर्चही मोजला, ही विशेष समाधानाची गोष्ट आहे.

उपचारातही घराला हलका वाटेल असा एक बदल अलीकडेच झाला. पहिल्या तिमाहीत मलेरिया झाला, तर पूर्वी क्विनाइन आणि क्लिंडामायसिन हा ७ दिवसांचा क्रम घ्यावा लागे. क्विनाइन दिवसातून तीनदा, कानात आवाज येणे आणि मळमळ हे त्याचे नेहमीचे त्रास. अनेक जणी तो मध्येच सोडत. नोव्हेंबर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने पहिल्या तिमाहीतही आर्टेमेथर-ल्युमेफँट्रीनच वापरण्याची शिफारस केली, म्हणजे ७ दिवसांचे उपचार ३ दिवसांवर आले. या गोळ्यांचा आपल्याशी थेट संबंध आहे: मुंबईच्या सिप्ला आणि इप्का या कंपन्यांना त्यांच्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची पूर्वमान्यता आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होणाऱ्या आर-२१ या मलेरियाच्या लशीची शिफारस ऑक्टोबर २०२३ मध्ये झाली, पण ती लहान मुलांसाठी आहे. गरोदर स्त्रियांसाठी अजून तरी गोळी, मच्छरदाणी आणि वेळेवरचे निदान हेच मार्ग आहेत.

हे मार्ग मोफत ठेवायला पैसा लागतो. २०२३ मध्ये मलेरियासाठी जगात ८.३ अब्ज डॉलरची गरज असताना सुमारे ४ अब्जच उपलब्ध झाले. २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेने परदेशी मदत एकाएकी रोखली आणि अनेक देशांत गोळ्या, तपासणीच्या पट्ट्या आणि मच्छरदाण्यांचा पुरवठा अडखळला. सरकारी साठा संपला, की खर्च नाहीसा होत नाही, तो घराकडे येतो.

गोळी दारापर्यंत नेणाऱ्या गावातल्या कार्यकर्त्यांचा विचारही याच हिशेबात करावा लागतो. त्यांना पुष्कळ ठिकाणी पगार मिळत नाही, मिळाले तर थोडे मानधन मिळते. गरोदर स्त्रीचे भाडे आणि दिवस वाचतो, पण कार्यकर्तीचा दिवस जातो, आणि तिचे घरही त्याच गावातले, तशाच परिस्थितीतले असते. या कार्यकर्त्यांना कामाच्या प्रमाणात मोबदला द्यावा, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये केली आहे. तो देताना जो खर्च सरकारी अंदाजपत्रकात नव्याने दिसेल, तो नवा नसेल. आजवर तो कार्यकर्त्यांची घरे उचलत होती.